प्रथमदर्शनापूर्वीचे दर्शन : बागबाजार, बर्गी आणि मराठी प्रवासदृष्टी

१

मराठी प्रवासवर्णनाच्या समीक्षेत ‘प्रथमदर्शन’ या घटकाला विशेष मोल दिले गेले आहे. प्रवाशाने स्थळ पहिल्यांदा पाहिले, त्या क्षणी मनावर जे उमटले ते तसेच्या तसे टिपले, म्हणून लेखन ताजे झाले, अशा आशयाची विधाने परीक्षणांतून वारंवार आढळतात. या विधानांमागे एक गृहीतक आहे. पाहणाऱ्याचे मन कोऱ्या पाटीसारखे असते. शहर त्या पाटीवर आपली अक्षरे उमटवते. पुढे माहिती, सवय आणि पूर्वग्रह यांमुळे ती अक्षरे पुसट होत जातात. प्रथमदर्शन जितके निर्मळ, तितके प्रवासवर्णन अस्सल, असा निष्कर्ष मग आपोआप निघतो. प्रस्तुत निबंधात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी कोलकात्याच्या उत्तर भागातील बागबाजार ही वस्ती निवडली आहे. ही निवड का केली, हे सांगण्यासाठी थोडे स्वानुभवाकडे वळणे अपरिहार्य आहे.

कोलकाता हे मराठी माणसाला परके शहर म्हणावे काय, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. राजकीय अर्थाने ते परदेशी नाही. परंतु एकोणिसाव्या शतकातील मराठीत ‘देश’ हा शब्द मुलूख या अर्थानेही सहज वापरला जात असे, आणि त्या अर्थाने बंगाल हा परमुलूखच होय. भाषा निराळी, लिपी निराळी, आहार निराळा, देवीची उपासनाही निराळ्या रीतीची. तरीही सुशिक्षित मराठी माणूस कोलकात्याला जातो तो आपण या शहराला आधीच ओळखतो अशा समजुतीने. परकेपणाची जाणीव नसलेले हे परकेपण तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने अधिक अवघड आणि म्हणूनच अधिक उद्बोधक ठरते.

अभ्यागत म्हणून कोलकात्यात राहावयास गेल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बागबाजारात हिंडताना एका गल्लीच्या नावाची पाटी माझ्या दृष्टीस पडली. ‘मराठा डिच लेन’ हे ते नाव. ‘मराठा’ ही अक्षरे वाचून ऊर भरून आला, हे कबूल केले पाहिजे. ‘डिच’ या शब्दाकडे लक्ष गेले नाही असे नाही. पण मनाने त्याची काहीतरी सोयीची संगती लावून टाकली. टिळकांच्या कोलकाता भेटीची किंवा येथील शिवाजी उत्सवाची ही स्मृती असावी, असे मी त्या क्षणी गृहीत धरले. ज्या वृद्ध निवृत्त शिक्षकांच्या घरी मी उतरले होते, त्यांना संध्याकाळी मी हे मोठ्या कौतुकाने सांगितले. ते म्हणाले, ‘दीदी, ते नाव तुमच्या गौरवासाठी नाही. तुम्ही येणार म्हणून तिथे खंदक खणला होता.’ मग पाहुणीला वाईट वाटू नये म्हणून हसत त्यांनी जोड दिली, ‘तुम्ही काही आला नाहीत.’

या छोट्याशा प्रसंगात माझे प्रथमदर्शन सपशेल चुकीचे ठरले होते. परंतु विचारार्ह गोष्ट ती नव्हे. चुकीच्या अर्थाची सामग्री मी बरोबरच घेऊन गेले होते. शहराने ती दिली नव्हती. आणि दुसरीकडे शहराजवळही माझ्याविषयीचे एक दर्शन होते, जे माझ्या आगमनाच्या अडीच शतकांहून अधिक काळ आधीचे होते. पाहणारी मी आणि पाहिले जाणारे शहर, असे जे सोपे समीकरण मी मनात धरले होते, ते त्या संध्याकाळी उलटले.

२

खंदकाचा इतिहास थोडक्यात असा. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये फौजेसह बंगालमध्ये उतरले. त्यानंतर १७५१ च्या तहापर्यंत, म्हणजे जवळजवळ दशकभर, भागीरथीच्या पश्चिमेकडील मुलूख, विशेषतः बर्दवान, बीरभूम आणि मेदिनीपूर, या स्वाऱ्यांनी होरपळला. १७४४ मध्ये नवाब अलीवर्दीखानाने वाटाघाटीसाठी बोलावून मानकरा येथे भास्कररामाची हत्या केली, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. अखेरीस १७५१ मध्ये ओडिशावरील हक्क आणि बारा लाखांची चौथ कबूल करून नवाबाने तह केला. मराठी इतिहासलेखनात हा भाग चौथाईच्या आणि साम्राज्यविस्ताराच्या प्रकरणात येतो. बंगालच्या स्मृतीत तो ‘बर्गीर हांगामा’ या नावाने राहिला आहे.

१७४२ मध्येच कोलकात्याच्या रहिवाशांनी नवाबाच्या परवानगीने वस्तीभोवती खंदक खणावयास घेतला. बागबाजारापासून सुरुवात करून सुमारे सात मैल तो न्यावयाचा होता. सहा महिन्यांत तीन मैलांचे काम झाले. मराठे काही आले नाहीत आणि काम सोडून देण्यात आले. अपुऱ्या खंदकाचा मोठा भाग पुढे १७९९ च्या सुमारास बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधण्यात आला. दरम्यानच्या काळात हा खंदक म्हणजे शहराची सीमा ठरून गेली होती. खंदकाच्या आत राहतात म्हणून कोलकात्यातील इंग्रजांना ‘डिचर’ असे टोपणनावही पडले होते. ज्या मराठ्यांनी कोलकात्यात पाऊल ठेवले नाही, त्यांच्या प्रतिमेने या शहराची एक बाह्यरेषा आखली, असे म्हणण्यास हरकत नाही. प्रतिमेला भौतिक परिणाम असतात, हे प्रतिमाविद्येच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे. परंतु तिचा परिणाम इतक्या शब्दशः जमिनीवर उमटलेला क्वचितच पाहावयास मिळतो.

‘बर्गी’ हा शब्द आपलाच आहे, ही बाब भाषेच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. मराठी लष्करी परिभाषेत ‘बारगीर’ म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार. स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार. मराठीत हा शब्द सैन्यातील एका दर्जाचा, काहीसा कारकुनी म्हणावा असा वाचक आहे. त्यात भीती नाही, शौर्याचीही विशेष छटा नाही. बंगालीत जाताच तोच शब्द मुलाला निजवताना म्हणावयाच्या अंगाईगीतात शिरला, आणि त्या गीतात बर्गींच्या येण्याची आणि न देता येणाऱ्या साऱ्याची धास्ती आजतागायत जिवंत आहे. शब्द तोच, अर्थक्षेत्र मात्र संपूर्ण पालटलेले. आपल्या दप्तरातला शब्द दुसऱ्याच्या पाळण्याशी पोहोचल्यावर काय होतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधणे कठीण आहे.

या स्मृतीची वाङ्मयीन बाजू मात्र अंगाईगीताइतकी एकसुरी नाही. गंगाराम नावाच्या कवीने १७५१ मध्ये, म्हणजे घटना ताज्या असताना, ‘महाराष्ट्रपुराण’ हे बंगाली काव्य रचले. एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी १९६५ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती सिद्ध केल्यामुळे ते बंगालीतर अभ्यासकांना उपलब्ध झाले. या काव्याची मांडणी लक्षणीय आहे. पृथ्वीवर पाप वाढल्यामुळे शिव नंदीकरवी दक्षिणेतील शाहूराजाला प्रेरणा देतो आणि त्या प्रेरणेतून भास्कर बंगालवर चालून येतो. म्हणजे आरंभी मराठे हे दैवी शासनाचे साधन आहेत. पुढे मात्र त्यांच्याकडून ब्राह्मण, वैष्णव आणि स्त्रिया यांच्यावर अत्याचार होतात. तेव्हा देवी त्यांच्यावर कोपते आणि भास्कराचा पराभव ठरतो. काटव्याजवळ भास्कराने आरंभिलेली दुर्गापूजाही काव्यात येते. ती अलीवर्दीच्या हल्ल्यामुळे पूर्ण होऊ शकली नाही. आक्रमकाला निव्वळ दैत्य न ठरवता त्याच्या येण्याचा नैतिक अर्थ लावण्याची ही धडपड आहे. ती आपल्या लोकांच्या पापापासून सुरू होते, हे विशेष.

गंगारामाच्या काव्यातील पलायनाचे वर्णन प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. गावेच्या गावे निघाली आहेत. ब्राह्मण पोथ्यांचे भार घेऊन, सोनार तराजू घेऊन, कुंभार आपली चाके घेऊन, कोळी जाळी घेऊन. प्रत्येक जण आपापल्या विद्येचे वा धंद्याचे साधन उचलून पळतो आहे. आणि बर्गी प्रत्यक्ष पाहिले काय, असे विचारता उत्तर मिळते की आम्ही काही पाहिले नाहीत. लोक पळताना पाहिले म्हणून आम्हीही निघालो. अत्याचाराची अंगावर काटा आणणारी प्रत्यक्ष वर्णने ज्या काव्यात आहेत, त्याच काव्यात न पाहताच निर्माण झालेल्या भयाचीही ही नोंद आहे. कवीने दोन्ही ठेवले. एकाने दुसऱ्याला खोटे पाडले नाही. बागबाजारचा खंदक हा त्या न पाहिलेल्यांच्या भयातून खणला गेला. पण ते भय निराधार नव्हते. पश्चिमेकडून आलेल्या निर्वासितांच्या हकिकतींचा त्याला आधार होता. ‘ऐकीव’ म्हणजे ‘असत्य’ असे समीकरण मांडता येत नाही, हे गंगाराम आपल्याला शिकवतो.

३

आता दृष्टी उलट दिशेला वळवू. कोलकाता हे शहर जगभर ज्या प्रतिमांनी ओळखले जाते, त्या बहुतेक प्रवाशांच्या प्रथमदर्शनातून जन्माला आल्या, असे मानले जाते. त्यांतील सर्वांत प्रभावी प्रतिमा रडयार्ड किपलिंगची. अलाहाबादच्या ‘पायोनियर’साठी १८८८ मध्ये त्याने कोलकात्यावर लिहिलेल्या लेखांचे पुस्तक १८९१ मध्ये ‘सिटी ऑफ ड्रेडफुल नाइट’ या नावाने निघाले. दुर्गंधी, दाटी, रात्र आणि भय यांनी भरलेले शहर ही त्यातली प्रतिमा. वाचकाला वाटते की एका तरुण वार्ताहराने जे पाहिले ते लिहिले. वस्तुस्थिती अशी की हे शीर्षक जेम्स टॉमसनच्या १८७४ च्या एका इंग्रजी काव्याचे आहे, आणि कोलकात्यासाठी वापरण्यापूर्वी किपलिंगने तेच १८८५ मध्ये लाहोरवरील एका लेखनासाठी वापरले होते. शहर पाहण्याआधी शीर्षक तयार होते. लाहोरला ते बसले, कोलकात्यालाही बसले. जे दोन इतक्या भिन्न शहरांना सारखेच बसते, ते शहराचे वर्णन नसून पाहणाऱ्याच्या पेटीतील सामान असते.

विसाव्या शतकातही हीच प्रक्रिया चालू राहिली. डोमिनिक लापिएरच्या १९८५ च्या कादंबरीमुळे ‘सिटी ऑफ जॉय’ हे कोलकात्याचे बिरुद ठरले. त्या कादंबरीतील ‘आनंदनगर’ ही झोपडवस्ती वस्तुतः हुगळीच्या पलीकडील हावड्याची आहे. नदी ओलांडून ते नाव संपूर्ण महानगरावर पसरले. १९८६-८७ मध्ये कोलकात्यात राहून गेलेल्या ग्युंटर ग्रासने १९८८ च्या आपल्या पुस्तकाला कालीमातेच्या बाहेर आलेल्या जिभेवरून नाव दिले. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. लज्जेची खूण म्हणून ती जीभ त्याने वाचली, आणि ती लज्जा त्याला जगाची वाटली. तरीही शहराचे सार एका प्रतीकात पकडण्याची घाई येथेही दिसते. भयाचे शहर, आनंदाचे शहर, लज्जेचे शहर : विशेषण पालटते, पण एका विशेषणात शहर आटोपण्याची रीत पालटत नाही.

फ्रेंच तौलनिक अभ्यासक दानियेल-आंरी पाजो यांनी परक्या संस्कृतीकडे पाहण्याच्या तीन वृत्ती सांगितल्या आहेत. परक्याला आपल्याहून श्रेष्ठ मानणारा मोह, त्याला हीन मानणारा तिटकारा, आणि दोघांना समान पातळीवर ठेवून देवाणघेवाण शक्य करणारे मैत्र. कोलकात्याविषयीच्या पाश्चात्त्य लेखनात तिटकाऱ्याचा वाटा मोठा आहे, आणि उत्तर-वसाहतवादी समीक्षेने त्याची चिकित्साही पुष्कळ केली आहे. मराठी अभ्यासक ती चिकित्सा वाचताना स्वतःला सहजच कोलकात्याच्या बाजूला बसवतो. आपण दोघेही साहेबाच्या नजरेचे बळी, अशी ती बैठक आहे. ती खोटी नाही. परंतु बागबाजारची गल्ली त्या बैठकीत अडचण निर्माण करते. येथे परक्या फौजेचे नाव आपले आहे. आत्म आणि अन्य यांची जी विभागणी आपण वसाहतकालीन संहितांवरून शिकलो, ती १७४२ ला लागू करताना आपण कोणत्या बाजूला उभे राहतो, हा प्रश्न मराठी समीक्षेने टाळू नये.

४

मराठी मनातील वंगप्रतिमा मोहाच्या आणि मैत्राच्या मधोमध कोठेतरी उभी आहे. ती कशी घडली, याचा मागोवा घेतला म्हणजे माझ्या पाटीवाचनातील चूक व्यक्तिगत नव्हती, हे ध्यानात येते.

पहिला दुवा अनुवादाचा. ‘मनोरंजन’ मासिकाचे संस्थापक काशीनाथ रघुनाथ आजगावकर यांनी बंगालीच्या प्रेमापोटी ‘मित्र’ हे आडनाव धारण केले आणि बंगाली साहित्य मराठी वाचकांपर्यंत आणले. पुढे मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, तेव्हा कोलकात्याच्या गल्ल्या, तेथील एकत्र कुटुंबे, विधवा, भद्रलोक तरुण हे सारे महाराष्ट्रातील घराघरांत परिचयाचे झाले. कोलकाता न पाहिलेल्या वाचकांच्या कित्येक पिढ्या अशा रीतीने कोलकात्यात राहून आल्या. या वाचनव्यवहाराचे ऋण मोठे आहे. परंतु शरच्चंद्रांच्या कोलकात्यात मराठ्याला जागा नव्हती. तो केवळ वाचक होता. त्यामुळे आपण त्या शहराकडे पाहतो आणि ते शहर आपल्याकडे पाहत नाही, अशी एक सवय नकळत जडली.

दुसरा दुवा राष्ट्रीय चळवळीचा, आणि येथे बागबाजार पुन्हा येते. ‘अमृतबाजार पत्रिका’ हे वृत्तपत्र जसोर जिल्ह्यातील गावाहून कोलकात्यात आले आणि बागबाजारातूनच निघू लागले. शिशिरकुमार आणि मोतीलाल घोष यांच्याशी टिळकांचा स्नेह होता. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या बचावासाठी बंगालमध्ये निधी जमला. १९०५ च्या वंगभंगानंतर महाराष्ट्र आणि बंगाल यांची जोडी राजकीय भाषेत रूढ झाली, आणि १९०६ च्या जूनमध्ये टिळक कोलकात्याच्या शिवाजी उत्सवाला उपस्थित राहिले. मराठी शाळकरी इतिहासात कोलकाता येते ते या वाटेने. मी त्या पाटीवर जे वाचले, ते या धड्याचे पाठांतर होते.

या धड्यात एक पायरी मात्र गळलेली असते. १७४२ च्या बर्गींपासून १९०६ च्या शिवाजी उत्सवापर्यंत बंगालने मराठ्यांची प्रतिमा कशी पालटली, हा प्रश्न आपण विचारत नाही. कारण पहिली प्रतिमा आपल्या हिशेबातच नसते. हे परिवर्तन आपोआप झालेले नाही. रमेशचंद्र दत्तांनी १८७८ मध्ये ‘महाराष्ट्र जीवन-प्रभात’ ही शिवकालावरील कादंबरी लिहिली. देवघर परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील सखाराम गणेश देउस्कर यांनी कोलकात्यात शिवाजी उत्सवाचा पाया घातला. त्यांच्या ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेच्या निमित्ताने १९०४ मध्ये रवींद्रनाथांची ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता प्रसिद्ध झाली. शिवाजीची हाक त्याच्या काळी बंगालने ऐकली नव्हती, याची कबुली त्या कवितेत आहे. बर्गींच्या आठवणीने ज्या मुलखात अंगाई गायली जात होती, त्या मुलखाने हे म्हणावे, यामागे मोठे मानसिक अंतर कापलेले आहे. ते अंतर बंगालने कापले; आपण त्याचा शेवटचा टप्पा तेवढा पाहिला आणि तेथूनच नाते सुरू झाले असे समजलो.

देउस्करांचे स्थान या संदर्भात अनन्य आहे. त्यांची १९०४ ची ‘देशेर कथा’ हे बंगाली गद्यातील स्वदेशीकाळातले एक अत्यंत प्रभावी पुस्तक. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. जन्माने मराठी, लेखनाने बंगाली असलेल्या या लेखकाला बंगालचे ‘प्रथमदर्शन’ असे काही नव्हतेच. त्यामुळे मराठी प्रवासवाङ्मयाच्या इतिहासात त्यांना जागा मिळत नाही, आणि मराठी गद्याच्या इतिहासात तर नाहीच नाही. तरी दोन प्रतिमांच्या मधले काम करणारा माणूस तोच होता. प्रवाशाच्या ताजेपणाला मूल्य देणारी आपली समीक्षा अशा स्थायिक मध्यस्थाला पाहू शकत नाही, ही तिची मर्यादा होय.

पु. ल. देशपांडे यांचे ‘वंगचित्रे’ (१९७४) या परंपरेतील सर्वांत लोकप्रिय पुस्तक. वयाच्या पन्नाशीत बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहणे ही कृतीच प्रवासवर्णनाच्या रूढ कल्पनेला छेद देणारी होती. ‘अपूर्वाई’तील (१९६०) प्रवासी परदेश पाहतो, ‘वंगचित्रे’तील निवेदक विद्यार्थी होऊन अक्षरे गिरवतो. पाहण्याकडून शिकण्याकडे झालेले हे स्थित्यंतर मराठी प्रवासवाङ्मयातील महत्त्वाची घटना आहे, आणि पाजोंच्या परिभाषेतील मैत्राच्या अगदी जवळ ती पोहोचते. तरीही या पुस्तकाचे प्रवेशद्वार रवींद्रनाथ हे आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. शांतिनिकेतनच्या वाटेने बंगालमध्ये शिरणारा वाचक एका निवडलेल्या, प्रेमाने उजळलेल्या बंगालमध्ये शिरतो. बागबाजारच्या वाटेने शिरणाऱ्याला आधी खंदक लागतो. दोन्ही वाटा खऱ्या. आपल्या वाङ्मयात पहिलीच वाट जास्त मळली आहे.

५

प्रथमदर्शन जर कधीच प्रथम नसते, तर प्रवासवर्णनाने काय करावे? ते टाकून द्यावे, की नंतरच्या ज्ञानाने दुरुस्त करून छापावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन स्त्रियांच्या लेखनाचा विचार उपयुक्त ठरतो.

पंडिता रमाबाई १८७८ मध्ये आपल्या भावासह कोलकात्यात पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांच्या विद्वत्तेची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, हे सर्वश्रुत आहे. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ टेस्टिमनी’ या इंग्रजी आत्मनिवेदनात त्यांनी कोलकात्यातील दुसरा एक प्रसंग सांगितला आहे. ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याचे त्यांना निमंत्रण होते. तेथे जमलेली माणसे खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटून बसली, तेव्हा ही मंडळी खुर्च्यांची पूजा करीत आहेत, असे या भावंडांना वाटले. एतद्देशीय माणसांना साहेबांबरोबर पाव-बिस्किटे खाताना पाहून कलियुग आले, असेही त्यांना वाटले होते.

हे निवेदन लिहिताना रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. ती प्रार्थना होती हे त्यांना उत्तम ठाऊक होते, आणि त्यांचे पुस्तक श्रद्धेची साक्ष म्हणूनच लिहिलेले होते. अशा वेळी जुने अज्ञान झाकणे किंवा त्याबद्दल क्षमायाचना करणे सोपे होते. रमाबाई तसे करीत नाहीत. खुर्चीपूजा पाहणारी वीस वर्षांची मुलगी त्या आपल्या जागी राहू देतात, आणि तिच्या दृष्टीतील तर्कही राहू देतात. मूर्तीपुढे नमस्कार करण्याची रीत ज्या मनाला परिचित आहे, त्या मनाने खुर्चीला देवत्व देणे हे अगदी सुसंगत अनुमान आहे. चुकीचे दर्शन येथे पाहणारीच्या घडणीविषयीचा पुरावा बनते. त्याच शहरात केशवचंद्र सेनांनी वेदांची प्रत हाती ठेवेपर्यंत वेद वाचण्याचा आपल्याला अधिकार नाही असे त्या मानत होत्या, हेही त्यांनी त्याच साधेपणाने नोंदले आहे. कोलकात्याने त्यांना काय दाखवले याहून कोलकात्यात त्या स्वतः कशा दिसल्या, हे या पानांतून कळते.

दुसरी स्त्री बागबाजारचीच. मार्गारेट नोबल, म्हणजे भगिनी निवेदिता, १८९८ च्या जानेवारीत कोलकात्यात आल्या आणि त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला बोसपाडा लेनमध्ये त्यांनी मुलींची शाळा उघडली. शारदादेवींच्या उपस्थितीत ती सुरू झाली. १८९९ च्या प्लेगमध्ये त्यांनी या गल्ल्या स्वतः झाडल्या, रोग्यांची शुश्रूषा केली. १९०४ चे त्यांचे ‘द वेब ऑफ इंडियन लाइफ’ हे हिंदू गृहजीवनाचे आत्मीयतेने केलेले विवेचन. किपलिंगच्या तिटकाऱ्याला एका युरोपीय स्त्रीने त्याच शहरातून दिलेले हे उत्तर, अशी त्या ग्रंथाची ख्याती झाली, आणि ती यथार्थही आहे. परंतु वाङ्मयीन दृष्टीने एक उणीव नोंदवली पाहिजे. समर्थनाच्या भरात या ग्रंथातील पाहणारी व्यक्ती जवळजवळ नाहीशी होते. बागबाजारच्या गल्लीत पहिल्या दिवशी शिरलेली मार्गारेट कशाने दचकली, कोठे चुकली, शेजारणींना ती कशी वाटली, हे त्यात फारसे उरत नाही. गल्ली झाडणाऱ्या निवेदितांनी जे समजून घेतले, ते मोठेच आहे. पण ते समजण्याची वाट त्यांनी वाचकासाठी ठेवली नाही. मैत्र मोहाकडे झुकते ते अशा ठिकाणी.

रमाबाईंनी चूक ठेवली, निवेदितांनी ती ओलांडून पुसली. प्रवासवर्णनाच्या दृष्टीने पहिली रीत अधिक फलदायी आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. प्रथमदर्शनाचे मूल्य त्याच्या निर्मळपणात नाही, कारण तो निर्मळपणा आभासी असतो. त्याचे मूल्य त्याच्या अचूकपणातही नाही, कारण ते बहुधा अचूक नसते. ते ज्या सामग्रीतून घडले ती सामग्री उघडी पाडण्याची जी शक्यता त्यात असते, तेथे त्याचे मूल्य आहे. दर्शन जपून ठेवणारी आणि त्याची उलटतपासणी होऊ देणारी संहिता हीच प्रवासवाङ्मयात श्रेष्ठ मानावी.

६

हा निकष लावावयाचा तर मराठी प्रवासवाङ्मयाच्या अभ्यासात एक भर घालावी लागेल. आपण इतरांना कसे पाहिले, एवढ्यावर तो आजवर थांबला आहे. ज्या मुलखांतून आपल्या फौजा, आपले यात्रेकरू, आपले कारकून आणि आपले विद्यार्थी गेले, त्या मुलखांच्या भाषांत आपली कोणती दर्शने साठून राहिली आहेत, हेही त्या अभ्यासाचे अंग झाले पाहिजे. ‘महाराष्ट्रपुराण’ हे शीर्षक असलेले एक काव्य बंगालीत आहे, आणि मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात ते क्वचितच नेमले जाते. इंग्रजीच्या आधाराने ते वाचता येते. मूळ बंगालीवरून त्याचा सटीप मराठी अनुवाद व्हावा, आणि तो ‘वंगचित्रे’शेजारी ठेवून शिकवला जावा. गौरव आणि गाऱ्हाणे एकाच बाकावर बसवल्याशिवाय दोन प्रांतांमधील मैत्र प्रौढ होत नाही.

बागबाजारातील त्या शिक्षकांच्या घरी मी पुढे अनेकदा गेले. त्यांच्या मातोश्री नव्वदीच्या घरात होत्या. मी मराठी आहे हे कळल्यावर त्या मुलाला काहीतरी पुटपुटल्या. त्यांनी ते भाषांतर करून सांगण्याचे टाळले. पण ‘बर्गी’ एवढा शब्द मला कळला. मग त्यांनी मला जवळ बसवून घेतले आणि बशीत दोन रसगुल्ले वाढले. रसगुल्ल्याची मूळ पेढी बागबाजारची, १८६८ मधली, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. मी त्या भेटीची टिपणे त्याच रात्री लिहिली. पहिल्या मसुद्यात रसगुल्ले होते, तो शब्द नव्हता. तो दुसऱ्या मसुद्यात आला, आणि हा निबंध त्या दुसऱ्या मसुद्यापासून सुरू झाला.